ऊद वाजतो, पण कोणाचा?

कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने तेराव्या शतकात मरियमच्या स्तुतीची चारशेहून अधिक गीते गॅलिशियन-पोर्तुगीज भाषेत सिद्ध करून घेतली. ‘कान्तिगास दे सान्ता मारिया’ हा तो संग्रह. (हजरत मरियम आपल्यालाही परक्या नाहीत, कुरआनात त्यांच्या नावाची सूरह आहे.) एस्कोरियलच्या एका हस्तलिखितात दर दहाव्या गीतापाशी वादकांचे चित्र आहे. त्यांतील एकात मुस्लिम आणि ख्रिस्ती वादक शेजारी बसून तंतुवाद्ये वाजवीत आहेत.

या एका चित्रावर आजच्या गायनवादनाचा बराच डोलारा उभा आहे. हस्तलिखितांत स्वर आहेत. तालाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, आणि कोणते वाद्य कुठे घ्यावे याची सूचना नाही. ही पोकळी कशाने भरायची? १९२२ मध्ये हुलियान रिबेरा यांनी या गीतांचे मूळ अरबी संगीतात शोधले. पुढे १९६० च्या दशकात टॉमस बिंकली यांच्या म्युनिकच्या वादकवृंदाने उत्तर आफ्रिकेतील वादनाची ढब युरोपच्या मध्ययुगीन गीतांना लावली. तेव्हापासून ऊद, रबाब आणि डफ हे या मैफलींचे ठरलेले साहित्य झाले आहे.

आमची तक्रार वाद्यांबद्दल नाही. युरोपचे ‘ल्यूट’ हे नाव ‘अल-ऊद’वरूनच आले, आणि आपला नगाराही अरबी ‘नक्कारा’चाच. तक्रार ही की पुष्कळ मैफलींत ऊद वाजतो तो फोडणीपुरता. चार सूर, थोडा डफ, की झाले ‘सहजीवन’! १२६४ मध्ये याच राजाविरुद्ध त्याच्या मुस्लिम प्रजेने उठाव केला व तो मोडला गेला, किंवा याच गीतांत मूर अनेकदा शत्रू म्हणून येतो, हे श्रोत्याला कोणी सांगत नाही.

जोर्दी सावाल यांच्या ‘ओरिएंट-ऑक्सिडेंट’ (२००६) या ध्वनिमुद्रणात मात्र मोरोक्कोचे द्रिस एल मालूमी व अफगाण वादक पाहुणे वाटत नाहीत. ऊदाला तिथे स्वतःचे म्हणणे आहे, ते पुरे करायला वेळही आहे. एवढे असूनही सावाल यांचा गोडवा आम्हांला कधीकधी जास्त होतो. सगळ्या परंपरा एकाच मऊ उजेडात न्हाऊन निघतात. अंदलुसी नौबा मोरोक्कोत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकली. ती नुसती ऐकली तर खरखरीत लागते, लांबते, आणि श्रोत्याची मनधरणी करीत नाही. कान्तिगास गाणाऱ्यांनी तिच्याकडून वाद्यांच्या आधी तो सावकाशपणा घ्यायला हवा होता.