राक्षसाचे घर आणि आपले हसू

परीकथेतील राक्षसालाही स्वतःचे घर असते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. तो गुहेत राहतो, किल्ल्यात राहतो, सात समुद्रांपलीकडे राहतो. पण ती जागा राजपुत्राने जिंकून घ्यावी एवढ्यासाठीच कथेत आलेली असते. तेथे चूल पेटते की नाही, संध्याकाळी राक्षस एकटा जेवायला बसतो तेव्हा त्याला काय वाटते, हे आजी सांगत नाही आणि नातवंडेही विचारीत नाहीत. संगणकावर चितारलेल्या ‘श्रेक’ ह्या चित्रपटाने नेमका हाच प्रश्न विचारला. त्याच्या लोकप्रियतेचे मर्म आम्हांला ह्या प्रश्नातच सापडते.

विल्यम स्टाइग ह्या अमेरिकन व्यंगचित्रकाराचे १९९० साली निघालेले एक लहानसे चित्रपुस्तक हे ह्या चित्रपटाचे मूळ. ‘ड्रीमवर्क्स’ ह्या संस्थेने तो २००१ साली पडद्यावर आणला. अँड्र्यू अॅडमसन आणि विकी जेन्सन हे त्याचे दिग्दर्शक. त्याच वर्षी कान येथील महोत्सवात तो स्पर्धेत दाखविला गेला. पूर्ण लांबीच्या अॅनिमेशनपटासाठी ऑस्करचे स्वतंत्र पारितोषिक सुरू झाले, तेव्हा २००२ साली ते प्रथम ह्याच चित्रपटाला मिळाले. त्यानंतर कितीतरी गुळगुळीत अॅनिमेशनपट येऊन गेले, तंत्र पुष्कळ पुढे गेले, तरी हा हिरवा, बेढब राक्षस घरोघरच्या मुलांना अजून हवासा वाटतो. ह्याचे कारण तंत्रापलीकडे शोधावयास हवे.

वरवर पाहता हे विडंबन आहे. आरंभीच नायक परीकथेचे पुस्तक वाचतो आणि त्याचे पान फाडून शौचकूपात वापरतो. राजकन्येला सोडवायला राजपुत्राऐवजी राक्षस जातो, त्याच्या सोबतीला उमद्या घोड्याऐवजी अखंड बडबडणारे गाढव असते. राजकन्या फियोना गाऊ लागते, तेव्हा तिच्याबरोबर सूर लावणारा पक्षी फुटून जातो आणि त्याच्या घरट्यातली अंडी न्याहारीला तळली जातात. परीकथांच्या गोड चित्रपटांची सवय असलेल्या प्रेक्षकाला ह्या प्रत्येक जागी हसू येते.

पण विडंबन ही पाश्चात्त्यांची मिरास नव्हे. आपल्या तमाशातील गवळण आठवावी. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांच्यापुढे ठसक्यात चालणारी मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण. पुरुषाने वठवलेली ही मावशी प्रत्यक्ष देवाला उलट उत्तरे देते, आणि ज्यांच्या ओठी कृष्णाचे नाव रोज असते तेच प्रेक्षक पोट धरून हसतात. त्या हसण्याने भक्ती उणावत नाही. उलट जवळीक असल्याशिवाय अशी थट्टा करताच येत नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ ह्या बालनाट्यातही हेच घडते. चिंची चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि २०१८ साली नव्याने आलेल्या प्रयोगांत वैभव मांगले ह्यांनी. घाबरायचे जिच्याला, तिच्यावरच मुले लोभ करू लागतात.

‘श्रेक’चे हसूही ह्याच जातीचे आहे. परीकथेची सारी वस्त्रे तो उतरवतो, पण तिचा प्राण घेत नाही. शाप आहे, सुटका आहे, खऱ्या प्रेमाच्या चुंबनाने शाप संपतो हेही आहे. फरक एवढाच, की दिवसा सुंदर आणि रात्री राक्षसीण होणारी फियोना शेवटी कायमची राक्षसीणच होते, आणि तेच तिचे खरे रूप ठरते. टवाळखोर म्हणवणारा हा चित्रपट शेवटी मनापासून विश्वास ठेवणारा निघतो. तसा तो नसता, तर एकदा हसून आपण त्याला विसरून गेलो असतो.

आता पुन्हा घराच्या प्रश्नाकडे. लॉर्ड फारक्वाड हा सत्ताधीश आपल्या राज्यातून परीकथांतील सर्व प्राण्यांना हाकलतो आणि श्रेकच्या दलदलीत आणून सोडतो. रातोरात तेथे शेकोट्या पेटतात, पाले पडतात. श्रेक राजकन्येला आणावयास निघतो तो शौर्य गाजवण्यासाठी नव्हे. आपली चिखलाची जागा आपल्याला परत मिळावी, एवढाच त्याचा सौदा असतो. उलट फारक्वाडचे ड्यूलॉक नगर पाहा: सरळ रेषा, सारखी घरे, कोठे कचरा नाही आणि कोठे माणसाचा आवाजही नाही.

आम्हां सास्तूरकरांना हे दृश्य निव्वळ गमतीचे वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. पुढे पत्र्यांच्या निवाऱ्यांत दिवस काढले गेले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. नवी घरे भक्कम होती, रस्ते रुंद होते, घरांच्या रांगा आखीव होत्या, आणि त्यांबद्दल कृतज्ञता हवीच. तरीही ज्या माळवदांनी जीव घेतले, त्यांच्याच खालच्या वाड्यांची, बोळांची, ओट्यावरच्या गप्पांची ओढ जुन्या पिढीच्या बोलण्यातून गेली नाही. ती ओढ अडाणीपणाची नव्हती. आपली वेडीवाकडी जागा आपली असते, हे श्रेकचे म्हणणे ह्या भागात कोणी समजावून सांगावे लागत नाही.

चित्रपटाचा एक दोष मात्र झाकून ठेवता येणार नाही. रूपावरून कोणाची पारख करू नका, असे तो दीड तास सांगतो, आणि त्याच दीड तासात फारक्वाडच्या ठेंगणेपणावर विनोदामागून विनोद करतो. फारक्वाड क्रूर आहे, भित्रा आहे, ढोंगी आहे. हसायला एवढे पुरेसे होते. त्याच्या उंचीने कोणाचे काही बिघडवलेले नाही. भूकंपात हातपाय गमावलेली माणसे ज्या परिसराने पाहिली, तेथे शरीरावरचा विनोद हलक्याने घेता येत नाही. राक्षसाच्या देहाला जो न्याय मिळाला, तो खलनायकाच्या देहाला मिळाला नाही; कथेची शिकवण तेथे अपुरी राहिली. मुलांबरोबर चित्रपट पाहणाऱ्या आईवडिलांनी येथे क्षणभर थांबून, ‘ह्याला आपण नक्की कशासाठी हसलो?’ असे विचारावे. मुले ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांपेक्षा प्रामाणिकपणे देतात.

दुसरी काळजी चित्रपटाची नाही, आपली आहे. विडंबन उमजायला मूळ कथा आधी ठाऊक असावी लागते. कृष्ण ठाऊक नसेल तर मावशीचा विनोद कोरडा पडतो. आजची पुष्कळ मुले राजकन्या, चेटकीण आणि राक्षस ह्यांची थट्टा आधी पाहतात. मूळ गोष्ट त्यांच्या कानी पडतच नाही. मग थट्टेतली जवळीक हरवते आणि नुसती टवाळी उरते. ‘श्रेक’ रचणाऱ्यांना परीकथा तोंडपाठ होत्या, म्हणूनच त्यांना त्या उलटवता आल्या.

तेव्हा हा चित्रपट मुलांना अवश्य दाखवावा. पण त्याआधी चार रात्री दिवा मंद करून त्यांना साधी, जुनी, खऱ्याखुऱ्या भयाची राक्षसाची गोष्ट सांगावी. ती ऐकताना जे मूल पांघरुणात शिरले असेल, त्यालाच श्रेकच्या दलदलीत पाऊल टाकताना पोटभर हसता येईल. आणि हसता हसता त्या राक्षसाच्या एकट्या जेवणाची आठवणही त्याच्या मनात राहील.