निखिल घोष : तबल्याची विद्या आणि तिचे लेखन

तबलावादकाविषयी लिहावयाचे म्हणजे त्याने कोणाकोणाची साथ केली ते सांगावयाचे, घराण्याचा उल्लेख करावयाचा आणि हाताच्या तयारीचे कौतुक करून थांबावयाचे, अशी संगीतविषयक लेखनाची बहुधा रीत आहे. निखिल घोष (१९१८–१९९५) यांच्या बाबतीत ती अपुरी पडते. ओंकारनाथ ठाकूर, बडे गुलामअलीखाँ आदींची साथ त्यांनी केली हे खरे. पण १९५६ मध्ये मुंबईत ‘संगीत महाभारती’ ही शिक्षणसंस्था काढणारा, १९६८ मध्ये राग व ताल यांच्या मूलतत्त्वांवर नव्या लेखनपद्धतीसह इंग्रजी ग्रंथ लिहिणारा आणि भारतीय संगीताच्या कोशाची योजना आखणारा वादक केवळ साथीच्या मापाने मोजता येत नाही. बोटांत वसणारी विद्या कागदावर उतरविण्याचा हा उद्योग कितपत सिद्धीस गेला, हा त्यांच्याविषयीचा खरा प्रश्न होय.

घोष मूळचे पूर्व बंगालमधील बारिसालचे. बासरीवादक पन्नालाल घोष हे त्यांचे ज्येष्ठ बंधू. तबल्याची तालीम त्यांना ज्ञानप्रकाश घोष, अहमदजान थिरकवा आणि अमीर हुसेन खाँ यांच्याकडून मिळाली. यांपैकी शेवटचे दोघे मुनीर खाँचे शिष्य. म्हणजे एकाच गुरूची विद्या दोन भिन्न हातांतून कशी वेगळी ऐकू येते, हे घोष यांना प्रत्यक्ष अनुभवावयास मिळाले. लेखनाच्या प्रश्नाकडे वळणाऱ्या वादकाला याहून उपयुक्त शिक्षण कोणते असू शकेल?

हा प्रश्न किती अवघड आहे याची कल्पना तबला न शिकलेल्या अभ्यासकास सहसा नसते. भातखंडे व पलुस्कर यांच्या लेखनपद्धती मुख्यतः गायनासाठी घडल्या. भातखंडे पद्धतीत एका मात्रेतील अक्षरे कंसाने बांधली जातात. पलुस्कर पद्धतीत मात्रेच्या अंशांना निरनिराळी चिन्हे आहेत. दोहोंतही बोल कोणत्या मात्रेवर पडतो हे नेमके कळते. पण तो कसा वाजवावयाचा? ‘तिट’ ही दोन अक्षरे दिल्लीच्या बाजात मधल्या बोटाने व तर्जनीने शाईवर वाजतात. पूरबेकडे बोटे जोडून वाजतात. लिहिताना दोन्ही ‘तिट’च. ‘धा’ची गोष्ट याहून बिकट आहे. त्यातील डग्ग्याचा नाद मनगटाच्या दाबाने चढतो, उतरतो, घसरतो, आणि पेशकाराचे सारे सौंदर्य पुष्कळदा या घसरणीतच असते. तिला अक्षर नाही. शिवाय ‘तिरकिट’ची चार अक्षरे कागदावर समान अंतराने बसविली, तरी चांगल्या हातात ती तशी समान पडत नाहीत, पडली तर वादन यंत्रवत् वाटते. (परीक्षेसाठी वाजविले जाणारे कायदे ऐकणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको.)

तेव्हा लेखनपद्धती कितीही सुधारली तरी निकास, म्हणजे नाद काढण्याची रीत, तिच्या बाहेरच राहणार. मग घोष यांच्यासारख्या वादकाने हा खटाटोप का करावा? त्याचे उत्तर त्यांच्या शिक्षककार्यात शोधावे लागते. उस्तादाच्या घरी शिष्य वर्षानुवर्षे राहत असे तेव्हा लेखनाची निकड नव्हती. आठवड्यातून काही तास शिकणाऱ्या शहरी विद्यार्थ्याच्या घरी मात्र गुरू नसतो, वही असते. वहीत निदान लय चुकू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. अमीर हुसेन खाँचेच दुसरे शिष्य अरविंद मुळगांवकर यांनी १९७५ मध्ये ‘तबला’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला. त्यांचे लक्ष रचनांवर आहे. गत, कायदा, रेला हाती जसा आला तसा जतन करावा, ही शिष्याची वृत्ती त्यामागे दिसते. घोष यांनी तालाला रागाच्या शेजारी बसवून दोहोंचा एकत्र विचार केला. तबल्याच्या विद्यार्थ्यास मुळगांवकरांचा ग्रंथ अधिक जवळचा वाटेल, आणि तो केवळ भाषेमुळे नव्हे. परंतु तबलावादकाने संपूर्ण संगीतशास्त्राविषयी अधिकाराने बोलावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. साथीदाराला गवयाच्या मागे बसविणाऱ्या समाजात तिचे मोल ग्रंथातील कोणत्याही चिन्हापेक्षा अधिक मानावे लागेल.

कोशाचे काम घोष यांच्या हयातीत प्रकाशित झाले नाही. १९९० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९९५ मध्ये ते निवर्तले, आणि कोशाचे तीन खंड ऑक्सफर्डतर्फे प्रसिद्ध व्हावयास २०११ साल उजाडले. ग्रंथाप्रमाणे कोशही इंग्रजीत आहे. त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांची सोय झाली; पण ज्या उस्तादांच्या मुखातून ही विद्या आली त्यांची बोली नोंदींतून लोपली. ‘मुखडा’, ‘मोहरा’, ‘तुकडा’ यांतील भेद हिंदुस्थानीत एका वाक्यात आणि एका टाळीत समजतो. इंग्रजी नोंदीला टाळी देता येत नाही.