साखळीतली माणसे कोण मोजणार?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय धोरण’ मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. हवामान, रोगराई, आवक, भाव यांच्या नोंदी कृत्रिम बुद्धिमत्तेला पुरवल्या की शेतमालाचा पुरवठा कुठे तुटणार हे आधी कळेल, अशी अपेक्षा आहे. मी साहित्य शिकवते. मजकुरात कोण आहे यापेक्षा कोण नाही हे आधी पाहावे, असे आपल्या चळवळीने मला शिकवले. हा मजकूरही मी तसाच वाचते.

‘पुरवठा साखळी’ ही कारखान्याची भाषा. चाकणच्या एमआयडीसीत एक सुटा भाग उशिरा आला तरी मोटारींची सगळी लाइन अडते. म्हणून तिथे अंदाज हवाच. पण सुट्या भागाला पोट नसते. जवळच चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांदा-बटाट्याची आवक होते. तिथे साखळी म्हणजे पाठीवर बारदान घेतलेला हमाल आणि उन्हात कांदा निवडणारी बाई.

माझी आई अशीच एका वखारीत कांदा निवडी. आवक तुटली की तिचा रोज तुटे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. त्या पदवीमागे हे खाडे आहेत. त्यांची नोंद कुठल्याही वहीत नाही. आज शेतकऱ्याला मिळणारा ओळख क्रमांक सातबाऱ्याला जोडलेला आहे. ज्याचा सातबारा नाही तो या बुद्धिमत्तेला दिसणार कसा?

बाजाराला ज्यांचे नाव आहे त्या फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून, ज्याच्या हाती कागद तो निरक्षराला कसा नागवतो हे दाखवले. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवरील निबंधात मोजमापालाच आव्हान दिले. नुसत्या आकारावरून जमीन परवडणारी की न परवडणारी हे ठरत नाही. तिच्यावर भांडवल किती, राबणारे हात किती, हे पाहा, असे ते सांगत होते. माप चुकले की उपायही चुकतो.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले. हा अडथळा ढगातून पडला नव्हता, दिल्लीत ठरला होता. असा अडथळा यंत्राने आधी ओळखला तरी ती सूचना कोणाच्या हाती जाणार? व्यापारी माल काढील, मुकादम बायका कमी करील. अंदाज अचूक ठरेल आणि त्याची किंमत निवडणारी बाई भरील.

मी यंत्राला नकार देत नाही. १९६९ चा माथाडी कायदा हमालांनी लढून मिळवला. त्यातून त्यांची नोंदणी झाली, मंडळे आली. वहीत नाव आपोआप येत नाही. म्हणून मागणी साधी आहे: आवक, भाव यांच्याबरोबर कामाचे बुडालेले दिवसही नोंदवा; इशारा वखारीतल्या बाईलाही द्या; आणि त्या दिवसांची भरपाई कायद्यात लिहा. तोवर या धोरणात शेतमाल आहे, शेतमालावर राबणारा माणूस नाही.