ऑक्सफर्ड-केंब्रिज फुटबॉलचा आरंभकाल

केंब्रिजच्या नियमांचा दाखला देऊन ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांमधील फुटबॉलची चुरस इ. स. १८४८ पर्यंत मागें नेण्याचा मोह होतो. आमच्या मतें हें अनुमान सदोष आहे. ते नियम म्हणजे ईटन, हॅरो, रग्बी इत्यादि शाळांतून केंब्रिजला आलेल्या विद्यार्थ्यांचा आपसांतील समेट होय. ऑक्सफर्डचा त्यांत संबंध नव्हता.

शिवाय मूळ प्रत उपलब्ध नाहीं. १८४८ हें सालही सभेस हजर असलेल्या मॉल्डन यांच्या १८९७ मधील पत्रावरून निघतें. साक्षी प्रत्यक्षदर्शी खरा; परंतु ४९ वर्षांनीं स्मरणानें लिहिलेल्या मजकुरास बखरीचीच कसोटी लाविली पाहिजे. त्यावरून सभा झाली एवढें मानतां येईल, नियमांचा पाठ सिद्ध होत नाहीं. उपलब्ध प्रतींत सर्वांत जुनी १८५६ ची असून ती श्रूझबरी शाळेची आहे.

सामन्याची गोष्ट निराळी. ता. ३० मार्च १८७४ रोजीं लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर उभय संघ प्रथम भिडले व ऑक्सफर्डनें १-० असा जय मिळविला. १८७२ चा सामना रग्बीचा असल्यानें येथें गणूं नये. नियमांचें श्रेय केंब्रिजला अवश्य द्यावें. परंतु स्पर्धेस दोन पक्ष लागतात, सबब तिचा आरंभ १८७४ सालींच मानणें युक्त होय.