चिमणरावांचा पगार आणि आमची बोली

मराठीतल्या विनोदी मालिकांविषयीचा लेख बहुधा 'चिमणराव'पासून सुरू होतो, आणि ते योग्यच आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांतच, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. 'सारा महाराष्ट्र ती पाहायला बसत असे' हे वाक्य अशा लेखांत हमखास येते. माझी हरकत त्यातल्या 'सारा' या शब्दाला आहे.

त्या काळी मुंबई केंद्राचे चित्र मुंबई, पुणे आणि त्यांच्या आसपासच्या टापूत दिसे. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या कुरुंदवाडपर्यंत ते येत नव्हते. १९८४च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली, तेव्हा आमच्या घरांत मुंबईच्या आधी दिल्ली आली. त्यामुळे इथे माझ्या वयाच्या लोकांनी पाहिलेली पहिली विनोदी मालिका हिंदी आहे : 'ये जो है जिंदगी'. लेखन शरद जोशींचे, आणि सतीश शहा दर भागात नव्या माणसाच्या रूपात हजर. पुढे १९८८मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून 'वागळे की दुनिया' आली. वागळे आडनावाने आपले, पण बोलणार हिंदी. चिमणराव आम्हांला भेटले ते वाचनालयाच्या बांधणी केलेल्या पुस्तकांतून.

आमच्या वडीलधाऱ्यांना मात्र ते त्याही आधी पडद्यावर भेटले होते. कोल्हापुरात जन्मलेल्या मास्टर विनायकांनी १९४०मध्ये 'लग्न पहावे करून' आणि १९४२मध्ये 'सरकारी पाहुणे' हे चित्रपट चिं. विं.च्या लेखनावरून केले. 'लग्न पहावे करून'मध्ये दामूअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. म्हणजे दूरदर्शनवर येण्याआधी साडेतीन दशके ही जोडी लोकांच्या ओळखीची होती.

आज ती मालिका सलग पाहायची म्हटले, तर मुंबई-पुण्याचा प्रेक्षकही आमच्याच रांगेत येऊन उभा राहतो. टेप महाग असल्यामुळे जुने चित्रण पुसून तीच टेप पुन्हा वापरण्याची रीत दूरदर्शनवर होती. 'चिमणराव'चे मोजकेच भाग आता पाहायला मिळतात. अभ्यासकाच्या हाती उरतात त्या मूळ कथा, हे मोजके भाग आणि इतरांच्या आठवणी. यांच्या आधारे मला एकच प्रश्न तपासायचा आहे : पुण्यातल्या एका कारकुनाच्या फजितीवर, त्या जगाशी काही संबंध नसलेला कृष्णाकाठचा माणूस का हसतो?

पहिले उत्तर पगारात आहे. चिमणरावांचे उत्पन्न ठरलेले, खर्च मात्र न ठरलेला. आणि प्रतिष्ठा दोहोंपेक्षा मोठी. हा पेच केवळ पांढरपेशांचा नाही. कारखान्याकडून ऊसबिल कधी जमा होणार याचा पत्ता नसताना मुलीच्या लग्नाची तारीख धरून बसलेला शेतकरी हा पेच चिमणरावांपेक्षाही चांगला ओळखतो. चिं. विं.नी त्या घरातल्या माणसांना पाखरांची नावे दिली : चिमणराव, काऊ, मोरू, मैना, राघू. घरट्यात जागा थोडी आणि चोची अनेक, हे नावांतूनच कळते.

दुसरे उत्तर सांगणाऱ्यात आहे. या कथा चिमणराव स्वतः सांगतात. त्यांच्या डोक्यावर बसून त्यांना हसणारा, त्यांच्यापेक्षा शहाणा असा निवेदक तिथे नाही. फजिती ज्याची, तोच सांगणारा. म्हणून ऐकणाऱ्याला हसताना अपराधी वाटत नाही. चिं. वि. (१८९२-१९६३) बडोद्यात पाली शिकवत होते. पुण्याच्या वाड्यांतले जग त्यांनी बऱ्याच अंतरावरून लिहिले, आणि त्या अंतराचा या विनोदाला उपयोगच झाला असावा असे मला वाटते.

अमेरिकेत १९५५-५६ या हंगामात 'द हनिमूनर्स' या मालिकेचे ३९ भाग झाले. तिचा नायक राल्फ न्यूयॉर्कमधला बसचालक, त्याचा दोस्त नॉर्टन गटारांत काम करणारा. चटकन श्रीमंत होण्याची योजना, ती फसणे, आणि शेवटी पुन्हा तेच उघडेबोडके स्वयंपाकघर. चिमणराव-गुंड्याभाऊंची आठवण यावी अशीच ही जोडी. या साहित्यप्रकाराचा नियमच आहे की भाग ज्या घरात सुरू होतो त्याच घरात संपतो. परिस्थिती बदलत नाही, आणि पुढच्या आठवड्यात माणसे पुन्हा उमेदीने फसायला तयार असतात. यात दिलासा आहे तशी तक्रारही आहे. दोन्ही एकत्र असतात, म्हणून अशी मालिका जुनी झाली तरी शिळी होत नाही.

आता आमच्या बोलीविषयी. शहरी घराच्या मराठी मालिकेत आमच्या बाजूचा माणूस बहुतेक वेळा दारापर्यंतच येतो : दूधवाला, गडी, गावाकडचा पाहुणा. त्याने 'काय करालाय?' असे विचारले की हशा ठरलेला. हे पाहताना मी एक साधी कसोटी लावतो. त्याचे वाक्य प्रमाण मराठीत करून पाहायचे. हसू टिकले, तर विनोद प्रसंगात होता. हसू गेले, तर आपण फक्त एका माणसाच्या उच्चाराला हसलो.

चिमणराव या कसोटीला उलट बाजूने उतरतात. त्यांची कथा कोणीही कुरुंदवाडच्या बोलीत सांगावी, हसू तेवढेच येईल. आमच्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील हेही तसेच. त्यांची माणसे अस्सल कोल्हापुरी बोलतात, पण वाचक हसतो तो ती माणसे ज्या कचाट्यात सापडली आहेत त्यावर. बोली तिथे बोलण्यासाठी आहे, हसण्यासाठी नाही.

२०१४मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये बोली दारातून आत आली, हे मान्य करायला हवे. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ही पाहुण्याची भाषा नव्हती. ती बोलणारा माणूस मंचाचा मालक होता. पण प्रहसन काही मिनिटांत संपते. त्यातल्या माणसाला पगार नसतो, उधारी नसते, पुढचा आठवडा नसतो. प्रेक्षकाची त्याच्याशी ओळख मुरत नाही. त्याला पुन्हा हसवण्यासाठी दर वेळी नवे सोंग लागते. चिमणरावांना ते लागत नव्हते.

२००१मध्ये अल्फा मराठीवर आलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. एके काळचे चिमणराव आता निवृत्त आबा झाले होते, आणि हातात पुन्हा रोजनिशी होती. म्हणजे सांगणारा पुन्हा स्वतःला वगळत नव्हता. तोवर आमच्याकडे केबल आली होती. 'सारा महाराष्ट्र' हा शब्द या मालिकेविषयी कोणी वापरला, तर मी हरकत घेणार नाही.

तरीही आपल्या गाजलेल्या विनोदी मालिकांतली घरे मोजली, तर बहुतेक मुंबई-पुण्याच्या नोकरदारांची निघतात. तो विनोद खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो आम्हांलाही पुरला. पण पडद्यावर बोलीचे प्रमाण वाढवून ही उणीव भरणार नाही. ती बोली बोलणाऱ्याला घर द्यावे लागेल, देणी द्यावी लागतील, पुढचा भाग द्यावा लागेल. सामग्री समोर पडली आहे. २००५ आणि २०१९च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या लोकांनी पै-पाहुण्यांकडे बिऱ्हाडे हलवली. एक माडी, तीन कुटुंबे, एकच गॅस, म्हशी कुठे बांधायच्या यावरून भावाभावांत वाद, आणि पाणी कधी उतरणार याविषयी प्रत्येकाचा वेगळा ठाम अंदाज. चिं. वि. असते तर त्यांनी यातल्या एकालाच बोलते केले असते : जो सगळ्यांत जास्त चुकतो त्याला.