सपाट पत्र्याचं सौंदर्य

बॉनेट सपाट, मडगार्ड सपाट, दारं सपाट, आणि मागचा हौदा म्हणजे वरून उघडी पेटीच. मोटारीचं रूप पाहताना आपली नजर वळणं शोधते. १९४८ सालच्या पहिल्या लँड रोव्हरमध्ये ती फारशी सापडत नाहीत. तरीही विसाव्या शतकातल्या देखण्या वस्तूंमध्ये मी या गाडीला फार वरचं स्थान देतो. हे रूप शेतकामाने घडवलं आहे, आणि तिचं एकेक अंग नीट पाहू लागलं की ते उलगडत जातं.

वेल्सच्या वायव्येला अँगलसी नावाचं बेट आहे. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांची तिथे शेतजमीन होती. शेतीच्या कामांसाठी त्यांनी युद्धानंतर लष्कराने विकायला काढलेली एक विलीज जीप घेतली होती. ती निकामी झाली तर पुढे काय, हा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर एकच होतं: पुन्हा जीपच, कारण त्या कामाची दुसरी गाडीच बाजारात नव्हती. त्यांचे थोरले बंधू स्पेन्सर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते, त्यामुळे तशी गाडी आपणच काढायचं ठरलं. १९४७ मध्ये मॉरिस यांनी रेड व्हार्फ बेच्या किनाऱ्यावर वाळूतच पहिला आराखडा रेखला, असं सांगतात. ३० एप्रिल १९४८ रोजी गाडी अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात उभी होती.

युद्धाने ब्रिटन पिचून गेलं होतं. पोलादावर रेशनिंग होतं. अ‍ॅल्युमिनियम त्यामानाने सहज मिळे, म्हणून बॉडीसाठी बर्माब्राइट हा अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचा मिश्रधातू निवडला गेला. महागडे साचे करायला ना पैसा होता ना वेळ. म्हणून सपाट पत्रे आणि साध्या घड्या. चॅसीसुद्धा पोलादी पट्ट्या वेल्डिंगने जोडून पेटीच्या आकारात बांधलेली. सुरुवातीच्या गाड्यांचा फिकट हिरवा रंगही विमानांच्या कॉकपिटसाठी आणलेल्या, युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या साठ्यातला.

हौद्याची कड जवळून पाहण्यासारखी आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा गंजत नाही, पण मऊ असतो. जिथे गवताचे भारे, खांब, दुधाचे कॅन घासणार, तिथे त्याच्या कडेवर जस्त चढवलेली पोलादी पट्टी रिव्हेटने बसवली आहे. हिरव्या पत्र्याभोवती ती करडी किनार उठून दिसते, आणि नक्षी म्हणावी असं गाडीवर जे काही आहे ते एवढंच. रिव्हेट आणि बोल्ट कुठेही झाकलेले नाहीत. मडगार्ड फाटकाला घासून चेपलं, तर बोल्ट सोडून उतरवायचं, ठोकून सरळ करायचं आणि परत चढवायचं. ही गाडी आपली दुरुस्ती मालकापासून लपवून ठेवत नाही.

तिची चालही तशीच विचारपूर्वक बांधलेली. इंजिन १५९५ सीसीचं, सुमारे ५० अश्वशक्तीचं. वेगाच्या दृष्टीने हे बेताचंच. मात्र लो रेंजचे गिअर टाकले की ओल्या कुरणातून ती माणसाच्या चालीने, न अडखळता जाते. मेंढ्यांना चारा टाकत जाणाऱ्याला हीच गती हवी असते. १९५० पर्यंतच्या गाड्यांत पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या ओढीत फ्रीव्हील होतं, त्यामुळे कडक रस्त्यावर वळताना चाकांची ओढाताण होत नसे. ड्रायव्हरच्या पायाशी एक कडी असे. निसरड्या उतारावर ती ओढली की फ्रीव्हील जखडलं जाई, आणि इंजिनाचा रोध चारही चाकांना धरून ठेवी. पुस्तक न वाचताही हाताला कळावी अशी ती सोय होती.

मागून निघणारा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला पुरवणारा दांडा, तर या रचनेचा गाभाच. त्यावर पुली बसवून पट्टा चढवला की उभी गाडी मळणी यंत्र फिरवी, लाकूड कापायची करवत चालवी. पहिल्या प्रायोगिक गाडीचं स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध होतं. ते गैरसोयीचं ठरलं आणि निर्मात्यांनी कल्पनेचा हट्ट न धरता सोडून दिलं. काय ठेवायचं याइतकंच काय टाकायचं याचंही भान इथे दिसतं. किंमत ४५० पौंड. छत आणि दारांचे वरचे भाग हवे असतील तर वेगळे पैसे.

मूळ जीपचं ऋण मात्र ही गाडी उघड वागवते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं ८० इंचांचं अंतर जीपचंच आहे. त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईत महिंद्रांनीही विलीज जीपवरच आपला मोटारधंदा उभा करायला घेतला होता. एकाच लष्करी गाडीतून दोन देशांत दोन घराणी उभी राहिली.

युद्धानंतरच्या ब्रिटनची निर्यातीची निकड भागेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून काढलेली ही गाडी रोव्हरच्या इतर मोटारींपेक्षा जास्त खपली. तिचा वंश सोलिहलच्या कारखान्यात २९ जानेवारी २०१६ पर्यंत, शेवटच्या जुन्या डिफेंडरपर्यंत चालला. २००८ पासून लँड रोव्हर टाटा मोटर्सच्या मालकीची आहे, आणि आज त्या नावाच्या गाड्या ऐषारामासाठी ओळखल्या जातात.

टंचाईतून सुंदर गाडी जन्मली, एवढं म्हणून मात्र भागत नाही. टंचाईच्या काळात वस्तू पुष्कळ झाल्या आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या काटकसरीच्या निघाल्या. ही वेगळी ठरली, कारण आखणारा माणूस स्वतः शेत पाहत होता. कुठली कड झिजणार, कुठल्या उतारावर पाय ब्रेककडे जाणार, यंत्राला ताकद कुठून पुरवावी लागणार, हे त्याला कामातून ठाऊक होतं. टंचाईने तिला आकार दिला आणि या जाणतेपणाने त्या आकाराला अर्थ दिला. शेतीसाठी काहीही घडवू पाहणाऱ्याने आधी शेतात राबावं, ही मागणी ही गाडी आजही करते, आणि ती मला पूर्ण रास्त वाटते.