पाठीवरच्या जोडण्या : एका छोट्या रेडिओसंचाचे परीक्षण

हौशी बिनतारी संचांच्या परीक्षणांत ग्रहणक्षमता, प्रक्षेपणाची शक्ती आणि वजन यांचीच चर्चा बहुधा असते. संचाच्या पाठीमागच्या सॉकेटांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. पण संच शाळेच्या टेबलावर आला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो तो याला संगणक जोडायचा कसा हाच. म्हणून याएसू कंपनीचा एफटी-८१७ हा संच आम्ही येथे केवळ जोडण्यांच्या दृष्टीने तपासत आहोत. तो २००० साली जाहीर झाला. एफटी-८१८ ही त्याची पुढची आवृत्ती २०१८ साली आली. आता दोन्हींचे उत्पादन थांबले आहे, पण पाच-सहा वॉट शक्तीचे आणि खांद्याला अडकवून नेण्याजोगे हे संच जगभर वापरात आहेत.

प्रथम गुण पाहू. मागच्या बाजूस ‘डेटा’ नावाचे सहा पिनांचे सॉकेट आहे. त्यातून बाहेर येणारा ध्वनिसंकेत आवाजाच्या बटणावर अवलंबून नसतो. कोणी आवाज कमी-जास्त केला तरी संगणकाला मिळणारी पातळी तीच राहते. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीने माहितीपुस्तिकेत प्रत्येक पिनेचे काम आणि व्होल्टेज स्पष्ट दिले आहे. १२०० बिट वेगाच्या कामासाठी आत जाणारा संकेत शिखर ते शिखर ४० मिलिव्होल्टपेक्षा अधिक नसावा, असे ती सांगते.

हा आकडा वर्गात शिकवण्याजोगा आहे. संगणकाच्या ध्वनिसॉकेटातून दीड व्होल्ट मिळतो असे धरू. १० किलोओहम आणि २२० ओहम हे दोन रोध एकसरीत जोडून २२० ओहमच्या टोकांवरून संकेत घेतला, तर तो सुमारे ३२ मिलिव्होल्ट भरतो. आठवी-नववीपासून शिकवला जाणारा ओहमचा नियम येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. ही काळजी घेतली नाही तर काय होते? संकेत विकृत होतो, ठरल्यापेक्षा रुंद पट्टा व्यापतो आणि शेजारच्या वारंवारतेवर बोलणाऱ्यांना त्रास होतो. भौतिकीचे नोबेल विजेते जोसेफ टेलर यांनी स्टीव्ह फ्रँक यांच्यासह २०१७ साली तयार केलेल्या एफटी-८ पद्धतीत एक संदेश जेमतेम ५० हर्ट्झ जागेत मावतो. एवढी काटकसर एका चुकीच्या रोधामुळे वाया जाऊ शकते.

आता दोष. डेटाचे सॉकेट संगणकाच्या जुन्या माउससारखेच दिसते. साहजिकच जुन्या माउसची तार कापून वापरावी असे कोणालाही वाटेल. पण माउसला सहापैकी चारच पिना लागतात. दुसरी पिन रिकामी असते आणि तिची तार बहुधा नसतेच. रेडिओच्या डेटा सॉकेटात नेमकी ही दुसरी पिनच ‘अर्थ’ची आहे! माईकचे सॉकेट संगणकाच्या नेटवर्कच्या सॉकेटासारखे दिसते. आकार सारखा म्हणजे काम सारखे, असा विद्यार्थ्यांचा समज होणार. हे शिक्षकाने आधीच सांगायला हवे.

मोठा दोष ‘एसीसी’ या आठ पिनांच्या सॉकेटाचा. संगणकाकडून संचाचे नियंत्रण, शक्तिवर्धकाला द्यायचा इशारा, कोणता पट्टा चालू आहे याची माहिती आणि वीजपुरवठा एवढे सगळे याच एका सॉकेटात कोंबले आहे. संगणक आणि शक्तिवर्धक दोन्ही हवे असतील तर तारा फोडून वाटून घ्याव्या लागतात. शिवाय नियंत्रणाचे संकेत ० ते ५ व्होल्टचे आहेत. संगणकाच्या जुन्या आरएस-२३२ जोडणीत ते ऋण आणि धन असे दोन्ही बाजूंना जातात आणि त्यांचा अर्थही उलटा असतो. थेट जोडल्यास संच बिघडू शकतो. मध्ये पातळी बदलणारे मंडल हवेच.

नियंत्रणाची भाषा मात्र सुटसुटीत आहे. प्रत्येक आज्ञा पाच बाइटची. संच १४५.८२५ मेगाहर्ट्झवर न्यायचा असेल तर १४ ५८ २५ ०० ०१ असे पाठवायचे. पहिल्या चार बाइटमध्ये वारंवारता, शेवटच्यात काय करायचे ते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील हौशी संचाचे पॅकेट संदेश याच वारंवारतेवर पाठवले गेले आहेत. सेकंदाला ४८०० बिट वेगाने ही आज्ञा सुमारे साडेअकरा मिलिसेकंदांत पोचते. पण कंपनीच्या आज्ञांच्या यादीत प्रक्षेपणाची शक्ती बदलण्याची आज्ञाच नाही. संगणकावरून चालवायच्या संचात ही उणीव आम्हास गंभीर वाटते.

२०२० साली बाजारात आलेल्या आयकॉम आयसी-७०५ या संचात एका यूएसबी तारेतून ध्वनी, नियंत्रण आणि विद्युतघटाचे चार्जिंग ही तिन्ही कामे होतात. डाख द्यायला नको, रोध निवडायला नकोत. सोय मोठी आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु यूएसबीची तार प्रक्षेपणाच्या वेळी अँटेनासारखी वागू शकते. तीवर फेराइटचे कडे चढवावे लागते. आणि ध्वनीची पातळी प्रमाणाबाहेर गेली, तर एकाच तारेतही संकेत तितकाच बिघडतो. फरक एवढाच की आता ती संगणकाच्या पडद्यावर आणि संचाच्या मेनूत सांभाळायची असते.

आमचे मत असे. रोज संदेशवहन करणाऱ्याने एका तारेचा संच घ्यावा. शाळेत मात्र जुना एफटी-८१७ अधिक शिकवतो, कारण त्याची प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासता येते. प्रक्षेपण करायचे तर परवानाधारक व्यक्ती सोबत हवी. संगणकाची आणि संचाची ‘अर्थ’ जुळून गुणगुण येत असेल, तर ध्वनीच्या तारेत १:१ गुणोत्तराचे छोटे रोहित्र घालावे. आणि पहिली जोडणी करण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून प्रत्येक पिनेचा तक्ता वहीत काढून घ्यावा.